चारशे सतराचं नेहमीचं

देवळा,
४ ऑगस्ट २०२५

चि. निवृत्ती यास लताआक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता कागद का काळा करते, ते तुला ठाऊक हाय. मला ऐकू कमी येतं म्हणून सूनबाई फोनचा आवाज मोठा करून देते, आणि मग आपण काय बोललो ते ओट्यावर बसलेल्या चार जणींना पाठ होतं. ही गोष्ट ओट्यावर जायला नको.

तुझ्या भाचीनं तुला काही सांगितलं नसणार. हर्षालीला त्या हरितछाया सोसायटीतून काढलं. आषाढ संपायच्या आधी ती दोन दिवस इकडं आली होती. जाताना मी सुकटीचा डबा दिला. म्हटलं, श्रावण लागायच्या आत खाऊन घे, जावईबापू चाकणला, तू एकटी पोरीला घेऊन राहतेस, स्वयंपाकाचा कंटाळा करतेस. वीस जुलैला, रविवारी, ती परतली आणि सुकट तव्यावर टाकली. अर्ध्या तासात सोसायटीचा सेक्रेटरी दोन माणसं घेऊन दारात. नाकाला रुमाल. नाव दीपकराव नेवासकर. आरोही पुढं उभी होती, सात वर्षांची पोर, तिच्यासमोर म्हणाला, "ह्या इमारतीत असली माणसं चालत नाहीत." असलं खाणं नाय म्हणाला, निवृत्ती. असली माणसं म्हणाला.

घरमालक राहतो परदेशात, त्याला काय पडलंय. दहा दिवसांत घर खाली कर म्हणाला. तेवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण त्या नेवासकरानं सोसायटीच्या छापील कागदावर लिहिलं, 'सदर भाडेकरू अस्वच्छ राहणीच्या असून नियम पाळत नाहीत, खात्री करूनच घर द्यावे', आणि तो कागद तिकडच्या सगळ्या एजंटांच्या ग्रुपवर टाकला. आता तिच्या हॉस्पिटलच्या आणि आरोहीच्या शाळेच्या आसपास कुणी घर दाखवायला तयार नाय. पार पंचवटीच्या पलीकडं एका खोलीत राहते, पोरीला घेऊन दोन-दोन रिक्षा बदलते. परवा आरोहीनं मला विचारलं, "आजी, अस्वच्छ म्हणजे कोण?"

डबा माझा होता. मला झोप लागत नाय. मला दोन गोष्टी पाहिजेत. तो कागद त्यानंच, तसल्याच छापील कागदावर, त्याच ग्रुपवर मागे घ्यावा. आणि त्याच्या नाकावरचा रुमाल त्याच्या इमारतीसमोर खाली पडावा. तू इतकी वर्षं गिऱ्हाईक सांभाळतोस, तुला माणसं कळतात. काय करायचं ते कर.

तुझी आक्का


नाशिक,
९ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास निवृत्तीचा साष्टांग नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तू रागावलीस की तुझं अक्षर फार देखणं येतं.

हर्षालीला काल दुकानात बोलावून घेतलं. म्हटलं, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, ये. तर म्हणते, "मामा, पाहुणी म्हणून किती दिवस राहू? मला माझ्या नावानं घर मिळायला हवं. आज तुमच्याकडे आले तर तो कागद खरा ठरेल." बरोबर बोलली. मग मी फ्राइज पुढे सरकवल्या. ह्या रविवारी मी स्वतः त्या नेवासकरांना भेटायला जातो. हात जोडून बोलतो. हात जोडायला पैसे पडत नाहीत.

तोवर तुझं मन रमावं म्हणून दुकानाचं लिहितो. 'झणक' आता जोरात आहे. हातगाडीवर वडापाव विकत होतो तेव्हा लोक फक्त 'चटणी जास्त' म्हणायचे. आता बर्गर विकायला लागल्यापासून लोकांना काय काय सुचतं! एक आजी येतात, त्यांना दात नाहीत. बर्गर वाटीत कुस्करून, वर थोडं दूध घालून, भाकरीच्या काल्यासारखा. एक पहिलवान पोरगा येतो, त्याला पाव नको, कोबीच्या पानात गुंडाळून दे. एका बाईंना दोन्ही मुलांच्या फ्राइज मोजून सारख्या लागतात, एक जरी कमी-जास्त झाली तर गाडीत मारामारी.

आपल्याकडे एक नियम मी पहिल्या दिवसापासून लावलाय. गिऱ्हाइकाला 'का' विचारायचं नाही. 'किती' विचारायचं. का विचारलं की माणूस खोटं बोलतो आणि परत येत नाही. ज्याचं काही वेगळं असेल ते आतल्या भिंतीवरच्या पाटीवर लिहून ठेवतो, नावानं नव्हे, फोन नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांनी. आजींचा आकडा दोनशे नऊ, पुढे 'काला'. काउंटरवरची स्नेहा चिठ्ठीवर आकडा लिहिते, तव्यावरचा काळू पाटी बघतो, भागुबाई डब्यात भरते. बाहेर कुणाला काही कळत नाही.

सगळ्यात भारी चारशे सतरा. दर गुरुवारी फोन करून मोठ्यानं म्हणतो, "एक पनीर बर्गर, हिरवा स्टिकर." घरात कुणीतरी ऐकत असणार. पण पहिल्या दिवशीच त्यानं दबक्या आवाजात सांगून ठेवलंय, मी पनीर म्हणालो की चिकन द्यायचं, मेयो जास्त, आणि डब्याला व्हेजचा हिरवा स्टिकर. न्यायला येतो तो हेल्मेट घालून, काउंटरवर पण काढत नाही. काळूनं त्याचं नाव ठेवलंय 'हिरवा कोट'. मागच्या आठवड्यात श्रावणातला पहिला गुरुवार, काळू म्हणाला, "आज नाय येणार बघा." बरोबर आठ वाजता हेल्मेट हजर.

हसलीस ना? बस. कळवतो.

तुझा निवृत्ती


देवळा,
१४ ऑगस्ट २०२५

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

हसले नाय. तो हेल्मेटवाला लबाड हाय, आणि त्याला हिरवा कागद चिकटवून देणारा तू त्याच्याहून लबाड. पनीर म्हणून पनीर खाणाऱ्याच्या हातात चुकून तो डबा गेला तर? हे गिऱ्हाईक सांभाळणं नाय, हे पाप सांभाळणं हाय.

पण तुझा हिशेब मला नको. नेवासकराकडं गेलास का? रविवार उलटून गेला. हात जोडशील म्हणतोस, जोड. पण जोडलेले हात लवकर सोड.

हर्षालीच्या घरात आता पिंप भरून ठेवावं लागतं, नळाला पाणी एकच तास. आरोहीला शाळेत जायला सव्वा तास लागतो. वर्गात पहिल्या तासाला झोपते म्हणून बाईंनी वहीत शेरा मारला.

लताआक्का


नाशिक,
२५ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास नमस्कार.

पाप सांभाळणं म्हणालीस ते बोचलं. तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. तुझं खरं आहे. पण त्याच्याआधी दुसरं ऐक.

काल गेलो. दोन रविवार त्यांनी टाळलं, काल वेळ दिली. सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, काचेचं दार, आत गणपती बसवायची तयारी चाललेली. नेवासकर साठीच्या आतबाहेरचे, कपाळावर गंध, शर्टाची इस्त्री अशी की माशी बसली तर घसरेल. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, भाचीचं चुकलं असेल, पण तो कागद तेवढा मागे घ्या, लेकरू दोन-दोन रिक्षा बदलतंय.

त्यांनी आधी घसा खाकरला, दोन वेळा, बारीक. मग म्हणाले, "माझा कुणा व्यक्तीला विरोध नाही. नियम म्हणजे नियम. कृपा करून एवढं समजून घ्या."

आक्का, मी हातगाडीवर अठरा वर्षं काढली. पाठमोरा उभा राहून, तेल उकळत असताना, कुणी किती वडे मागितले ते आवाजावरून ओळखत होतो. लहानपणी सायखेड्याला तू मला 'तिखट कानाचा' म्हणायचीस ते उगीच नाही. हा घसा, हे दोनदा खाकरणं, आणि हे 'कृपा करून एवढं' मी गेलं वर्षभर दर गुरुवारी फोनवर ऐकतोय. "एक पनीर बर्गर, कृपा करून एवढं बघा, हिरवा स्टिकर."

नाव लिहू नये. गिऱ्हाइकाचं दुकानाबाहेर न्यायचं नाही हा माझाच नियम, आणि तो मी ह्या कागदावर मोडतोय. पण तुझ्यापाशी नाही मोडला तर कुणापाशी मोडू. चारशे सतरा म्हणजे दीपकराव नेवासकर.

चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. ते म्हणाले, "तुम्ही खाद्यपदार्थांच्या धंद्यातले, तुम्हाला तर शुद्धतेचं महत्त्व कळायला हवं." मी म्हटलं, "कळतं साहेब, आमच्याकडे व्हेजचा तवा वेगळा आहे." ते म्हणाले, "ऐकून आहे." ऐकून आहे! दारातून बाहेर पडताना मला हसू दाबावं लागलं, आणि गेटबाहेर आल्यावर हसू गेलं आणि डोकं तापलं. हा माणूस सुकटीच्या वासानं नाकाला रुमाल लावून उभा राहिला, त्याच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, सतरा तारखेला, आपल्याच काउंटरवरून चिकन घेऊन गेला होता. मी बिलं काढून बघितली.

निवृत्ती


देवळा,
१ सप्टेंबर २०२५

चि. निवृत्तीस खूप खूप आशीर्वाद.

देव हाय. तुझ्या दुकानात बर्गर खातो.

आता ऐक. येत्या गुरुवारी तो आला की हेल्मेटसकट फोटो काढ आणि टाक त्याच एजंटांच्या ग्रुपवर. नाय तर बर्गरमध्ये देवळ्याची लवंगी मिरची घाल, इथून पाठवते, मग बघू हेल्मेट काढतो का नाय. नाय तर मोठ्यानं हाक मार, सगळ्या दुकानासमोर, नेवासकर साहेब, तुमचं चिकन. ह्यातलं एक कर. तिन्ही केलंस तर अजून बरं.

हर्षालीला मी काही सांगितलं नाय. ती तुझ्यासारखीच मऊ. म्हणेल, आई, जाऊ दे. मी जाऊ देणार नाय. माझ्या नातीला अस्वच्छ म्हणणाऱ्याच्या हातातला डबा मला सगळ्यांसमोर उघडलेला पाहिजे.

आक्का


नाशिक,
१५ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास नमस्कार.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर 'नाही' असं होतं. फोटो काढायचा नाही, मिरची घालायची नाही, हाक मारायची नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे पोट घेऊन येतं, त्याच्या पोटाशी मी वैर करणार नाही. असं ठरवून मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो. आता काल काय झालं ते सांगतो.

काल रविवारी हरितछायाची वार्षिक सभा होती. सकाळी दहाला स्नेहानं फोन घेतला. नेवासकरच. साठ पनीर बर्गर, हिरवा स्टिकर, साडेबाराला सोसायटीत पोचवा. बाजूला चार माणसं बोलत असणार, कारण ते नेहमीसारखंच मोठ्यानं बोलत होते. स्नेहानं चिठ्ठी केली, 'साठ पनीर, हिरवा, ४१७', खाली त्यांचं नाव-पत्ता, आणि आत दिली.

मी बाहेर पोहे मागणाऱ्या एका काकांची समजूत घालत होतो, आमच्याकडे पोहे नाहीत म्हणून. आणि माझ्या कानाला आतून काहीतरी टोचलं. पनीरची टिक्की तव्यावर चुरचुरते, एका सुरात. फ्रीजरमधलं चिकन तडतडतं. आतून तडतड येत होती, आणि एक-दोन टिक्क्यांची नाही. मी काकांना तसंच सोडून आत धावलो. मोठ्या तव्यावर आठ चिकन, बाजूला बावन्न ओळीनं मांडलेली.

"काळू, हे काय?"

"चारशे सतरा. पाटी बघा ना. पनीर म्हणजे चिकन."

"अरे साठ?"

"मला पण वाटलं, हेल्मेटवाल्याला झालंय काय. पण 'का' विचारायचं नाय, तुम्हीच सांगितलंय."

आक्का, मी आधी गॅस बंद केला. साठ माणसं, म्हाताऱ्या बाया, माळकरी, त्यांच्या हातात हिरवा स्टिकर लावून मी चिकन देणार होतो. तू लिहिलं होतंस तेच पाप, साठ पटीनं. काळूची चूक नाही. चूक त्या स्टिकरची, आणि तो लावू देणाऱ्याची. सगळं चिकन उचललं, हात धुतले, व्हेजच्या तव्यावर, माझ्या डोळ्यांसमोर, साठ पनीर केले. आणि भागुबाईंना सांगितलं, आजपासून हिरवा कोट बंद. डब्यात जे असेल त्याचाच स्टिकर. कुणीही असो.

आता पुढचं. आपल्याकडे पन्नासच्या वर ऑर्डर असली की एक डबा घरचा जातो. हातगाडीपासूनची पद्धत. जो सगळ्यांसाठी मागवतो तो वाटत बसतो आणि स्वतः गार खातो, म्हणून त्याचं नेहमीचं त्याच्या नावानं, फुकट, सगळ्यात वर. भागुबाई ही पद्धत कधी विसरत नाहीत. त्यांनी तव्यावरून उतरवलेलं एक चिकन घेतलं, मेयो जास्त, आणि मी पाच मिनिटांपूर्वी सांगितल्याप्रमाणे नॉनव्हेजचा लाल स्टिकर लावला. चिठ्ठीवर लिहिलं, 'श्री. दीपकराव नेवासकर, आपले नेहमीचे. झणकतर्फे सप्रेम.' आणि ठेवला साठ हिरव्यांच्या वर.

डिलिव्हरीचा सनी गाडीत खोकी भरत होता. मी दारात उभा होतो. वरचा लाल ठिपका मला दिसला. तो उचलायला एक हात पुरला असता.

मी उचलला नाही. सनी म्हणाला, "निघू का काका?" मी म्हटलं, "सावकाश जा."

बाकीचं सनीनं सांगितलं. खोकी स्टेजपाशी ठेवली. खजिनदार बाईंनी वरचा डबा उचलला आणि माइकवरच वाचला, "अरे वा, सेक्रेटरी साहेबांचं खास! श्री. दीपकराव नेवासकर, आपले नेहमीचे..." आणि मग त्यांना स्टिकर दिसला. मागून कुणीतरी विचारलं, "नेहमीचे म्हणजे?" नेवासकर घसा खाकरत उभे राहिले. दोनदा नाही, सात-आठदा. मग म्हणाले, हॉटेलवाल्यांची चूक. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठले, "चूक असेल तर हॉटेलवाल्याचं लेखी आणा. नियम म्हणजे नियम." अठ्ठावीस तारखेला पुन्हा सभा लावलीय, फक्त ह्या विषयावर.

तुझा रुमाल पडला, आक्का. पण एक सांगतो. सकाळपासून स्नेहा माझ्याशी धड बोलत नाही. म्हणाली, "गिऱ्हाइकाचं आतच ठेवायचं ना काका?" मी म्हटलं, खोटं बाहेर काढलं, बाकी आतच आहे. ती हसली नाही.

निवृत्ती


नाशिक,
१७ सप्टेंबर २०२५

श्री. निवृत्तीराव, झणक फास्ट फूड, यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र आमचे वॉचमन सोमा यांच्या हाती देत आहे. फोनवर बोलणे योग्य वाटले नाही.

रविवारी जो प्रकार झाला त्यामागे आपला हेतू काय, याच्या खोलात मी जात नाही. आपण मला भेटायला आला होता हे माझ्या स्मरणात आहे. मी माणूस आहे. आमच्या घरात तीन पिढ्या असल्या खाण्याला कुणी शिवलेले नाही. मला हा एकच मोह आहे आणि तो आठवड्यातून एकदा, गाडीवर बसून, घराबाहेर. त्याने कुणाचे काय बिघडले?

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह, असे लिहून द्यावे की सदर डबा दुसऱ्या ग्राहकाचा असून कर्मचाऱ्यांच्या चुकीने माझ्या नावे आला, आणि 'नेहमीचे' म्हणजे पनीर. अठ्ठावीसच्या सभेत ते वाचून दाखवले की विषय संपेल. नाहीतर मला पद सोडावे लागेल. तेरा वर्षे मी ते सांभाळले आहे. पत्नीही बोलत नाही.

कृपा करून एवढे बघा.

आपला,
दीपक नेवासकर


नाशिक,
१८ सप्टेंबर २०२५

श्री. दीपकराव नेवासकर यांस नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. सोमाला चहा पाजला.

आमच्याकडे लोक अनेक तऱ्हेच्या मागण्या करतात आणि आम्ही 'का' विचारत नाही, हे आपण वर्षभर अनुभवलं आहे. पण आपली ही मागणी बर्गरची नाही, कागदाची आहे, आणि कागदाला माझ्याकडे वेगळा तवा नाही. म्हणून एकदाच अट सांगतो. आपल्या एका छापील कागदानं माझ्या भाचीचं बिऱ्हाड उठलं. तो कागद अजून फिरतोय.

आधी आपला कागद. त्याच लेटरहेडवर, त्याच एजंटांच्या ग्रुपवर, आपल्या नावानं, की हर्षालीबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं आणि आपण ते मागे घेता. तो दिसला की सभेच्या आधी माझा कागद आपल्या सोसायटीत पोचेल. डबा कसा आला आणि चूक कुणाची, ते त्यात मी सही-शिक्क्यासह स्पष्ट लिहीन.

निवृत्ती


नाशिक,
२० सप्टेंबर २०२५

श्री. निवृत्तीराव यांस,

सोबत प्रत जोडली आहे. आज सकाळी नऊ वाजता ग्रुपवर टाकली. 'सदर भाडेकरूंबाबत दिलेला अभिप्राय निराधार होता, त्यांची राहणी स्वच्छ व वर्तन उत्तम असल्याचे मी जाहीर करतो, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.' आपल्याला याहून जास्त काय हवे?

आता आपला शब्द पाळावा. प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेत तर सभेत वजन पडेल.

दीपक नेवासकर


देवळा,
२४ सप्टेंबर २०२५

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

घटस्थापनेला हर्षालीनं नव्या घराची किल्ली घेतली. शाळेपासून चालत सात मिनिटं. एजंट स्वतः फोन करत आला. ती पत्राची प्रत तिनं मला पाठवली, मी सूनबाईकडून तीनदा मोठ्यानं वाचून घेतली. ओट्यावरच्या चौघींनी ऐकली. ऐकू दे.

आता ऐक. हर्षाली कालपासून माझ्या मागं लागलीय. म्हणते, "आई, मामाला सांग, त्यांना हवं ते लिहून द्या. त्यांच्या बायकोला बघितलंय मी भाजी घेताना, मान खाली घालून जाते. आपलं काम झालं." तुझ्या स्नेहाचंही तेच म्हणणं म्हणे.

पोर चांगली हाय. मी नाय. त्याच्या बायकोची मान मी खाली घातली नाय, त्यानं घातली. आणि आपलं काम झालं म्हणून त्याच्या कागदावर तू खोटी सही करणार? तुझ्या काळूला, भागुबाईला चूक म्हणून लिहून देणार? त्यानं माझ्या पोरीच्या नावावर खोटं लिहिलं, आता तुझ्या माणसांच्या नावावर लिहून मागतो. त्याला सवयच हाय, स्वतःचा वास दुसऱ्याच्या दारात ठेवायची.

लिही किंवा लिहू नको. पण लिहिलंस तर मला प्रत पाठव.

आक्का


झणक फास्ट फूड, गंगापूर रोड, नाशिक
२६ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सभासद,
हरितछाया सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: १४ सप्टेंबरच्या सभेत आलेल्या लाल स्टिकरच्या डब्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपले सेक्रेटरी श्री. दीपकराव नेवासकर यांच्या लेखी मागणीवरून हे पत्र देत आहे. त्यांच्या १७ सप्टेंबरच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

त्या दिवशी आपण खाल्लेले साठही बर्गर पनीरचे होते व वेगळ्या तव्यावर माझ्या देखरेखीखाली झाले. त्याबद्दल कुणीही मनात शंका ठेवू नये.

एकसष्टावा डबा चुकून आलेला नाही. गेले चौदा महिने दर गुरुवारी श्री. नेवासकर आमच्याकडून चिकन बर्गर, मेयो जास्त, घेतात. यंदाच्या श्रावणातले चारही गुरुवार त्यात आले. फोनवर ते पनीर म्हणतात. पनीर म्हणजे चिकन समजावे ही त्यांची सूचना आहे. स्नेहा यांनी ऑर्डर बरोबर घेतली, काळू यांनी बरोबर केली, भागुबाईंनी बरोबर भरली. तिघांची नावे श्री. नेवासकर यांच्या इच्छेनुसार लिहिली आहेत. त्यांची चूक नाही.

चूक माझी आहे. चिकनच्या डब्यावर मी चौदा महिने हिरवा स्टिकर लावू दिला. त्याच सवयीमुळे त्या सकाळी आपल्या सर्वांच्या पुढ्यात चिकन येता येता राहिले. त्याबद्दल मी आपली हात जोडून माफी मागतो. तो प्रकार आता बंद केला आहे. डबा जाताना मी दारात उभा होतो. मला तो दिसला होता, आणि मी जाऊ दिला. हेही लिहून ठेवतो.

कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असे आमच्या दुकानाचे मत आहे. श्री. नेवासकर यांचे यापुढेही गिऱ्हाईक म्हणून स्वागत आहे. त्यांचे नेहमीचे दर गुरुवारी आठ वाजता तयार असेल. हेल्मेट घालून येण्याची तसदी घेऊ नये; सनी सोसायटीच्या गेटवर आणून देईल. स्टिकर लाल असेल.

आपला,
निवृत्ती
(सही व शिक्का)

प्रत माहितीसाठी: सौ. लताबाई, देवळा